आधी कारण, मग माणूस

पूल-चौकीच्या हवालदारांना सगळं ठाणं 'नाकसाहेब' म्हणायचं, आणि त्यांना ते आवडायचं. नाक तसं चारचौघांसारखंच होतं, जरा रुंद आणि थंडीत टोकाला लाल होणारं. पण त्यांचा दावा असा की चोर आपल्याला वासावरून कळतो. "डोळे फसतात, कान फसतात, नाक फसत नाही," असं ते नव्या शिपायांना चहा पाजून सांगत, आणि चहा फुकटचा असल्यामुळे नवे शिपाई माना डोलावत.

पुलाच्या अलीकडे बँका, कचेऱ्या आणि गॅलरीत कुंड्या लावलेली घरं होती. पलीकडे पत्र्याच्या छपरांची वस्ती होती. शहराची भांडी घासायला, भिंती रंगवायला, फरश्या बसवायला लागणारे सगळे हात रोज सकाळी तिथून पुलावरून चालत येत. नाकसाहेब पुलाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्यांतला जो नाकाला खटकेल त्याला बोट वाकवून बोलावत. पिशवी उघड, खिसे दाखव, कुठे निघालास, कोणाकडे. इतक्या जणांना थांबवल्यावर अधूनमधून एखाद्याकडे काहीतरी निघायचंच. मग नाकसाहेब मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "बघा, पलीकडचाच." आता, जाळं एकाच तळ्यात टाकलं तर मासे त्याच तळ्यातले निघणार, एवढी साधी गोष्ट. पण ठाण्यात ती कोणाच्या डोक्यात आली नाही. नाकसाहेबांच्या तर नाहीच, कारण त्यांचं सगळं लक्ष नाकात.

मग ठाण्याला नव्या बाईसाहेब आल्या. चण लहान, आवाज त्याहून लहान, त्यामुळे त्या बोलायला लागल्या की ऐकण्यासाठी सगळ्यांना गप्प बसावं लागे. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बसवलं, फळा मागवला आणि विचारलं, "तुम्ही रस्त्यात माणसाला थांबवता, ते काय बघून?"

मग ठाणे अंमलदार, ज्यांना दिवसभर जांभया देण्याच्या सवयीमुळे सगळे मागे 'जांभई' म्हणत, ते म्हणाले, "बाईसाहेब, चोर पोलिसाची नजर चुकवतो."

बाईसाहेबांनी ते फळ्यावर लिहिलं.

"उलट आहे," ड्रायव्हर म्हणाला. "मुरलेला चोर पोलिसाच्या डोळ्याला डोळा भिडवतो."

बाईसाहेबांनी तेही शेजारी लिहिलं. मग कोणी म्हणालं भरभर चालणारा, कोणी म्हणालं रेंगाळणारा. कोणी म्हणालं मळके कपडे. दुसरा म्हणाला, पलीकडचा असून कपडे नवे कोरे असतील तर नक्कीच. फळा भरला. बाईसाहेबांनी मागे सरून तो शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "यातून सुटणारा एक माणूस मला दाखवा."

सगळे हसले. नाकसाहेबही हसले, पण जरा उशिरा.

त्या दिवशी नियम निघाला, आधी कारण, मग माणूस. कोणालाही थांबवायचं तर आधी वायरलेसवर कारण सांगायचं. कारण म्हणजे त्या माणसाने काय केलं ते. तो कसा दिसतो, कुठला आहे, आपल्याला काय वाटलं, हे चालणार नाही. कारण मिळेपर्यंत वायरलेसवरच्या माणसाने विचारत राहायचं, आणि न विचारता सोडून दिलं तर ती चूक त्याच्या नावावर.

नियमाने ठाण्यातल्या बऱ्याच जणांच्या नाकी नऊ आणले, पण नाकसाहेबांची गोष्टच वेगळी. एक तर त्यांच्या नाकाला कारणं सांगायची सवय नव्हती. दुसरं म्हणजे वायरलेसवर बसली होती त्यांची मुलगी.

ती नुकतीच लागली होती, अजून कायम झाली नव्हती. एखादी मोठी चूक झाली असती तर तिची रवानगी मुद्देमालाच्या खोलीत, जप्त केलेल्या गंजक्या सायकली पुसायला. घरी ती 'बाबा' म्हणायची. वायरलेसवर ते नुसते 'पूल-चौकी' होते. आणि वायरलेस म्हणजे काही दोघांतली कुजबुज नव्हे. पूल-चौकी बोलली की गाड्या, चौक, ठाणं, सगळे ऐकत.

"पूल-चौकीवरून. एकाला थांबवतोय. ओव्हर."

"पूल-चौकी, कारण?"

"पिशवी घेऊन चाललाय."

"पूल-चौकी, पिशवीचं काय केलं त्याने?"

"काय करणार? धरलीय."

वायरलेसवर कोणीतरी खोकलं. तो खोकला नव्हता, हसू होतं, आणि जांभईचं होतं, हे नाकसाहेबांनी ओळखलं.

"पूल-चौकी, कारण?"

"जाऊ दे त्याला," नाकसाहेब म्हणाले आणि संच खाली ठेवला.

घरी तर त्याहून मजा. जेवताना त्यांनी सवयीने म्हटलं, "भाजी अळणी आहे."

"चाखलीत," बायकोने विचारलं, "की वास घेऊन सांगताय?"

मुलगी पाण्याचा घोट घेत होती, तिला ठसका लागला. नाकसाहेबांनी तोंड फुगवलं. बायकोला त्याची फिकीर नव्हती, ती सध्या पडद्यांच्या विचारात होती. प्रशिक्षण केंद्रात शिक्षकाची एक जागा रिकामी होत होती. त्या जागेसोबत अंगण असलेलं घर मिळे. बाईसाहेब कोणाचं नाव कळवतील यावर सगळं होतं आणि जुना माणूस म्हणून नाकसाहेबांचंच नाव जाणार, असं ठाण्यात सगळे धरूनच चालले होते. निवृत्तीआधी पोरांच्या वर्गापुढे उभं राहावं, आपलं नाक पुढच्या पिढीला देऊन जावं, हे नाकसाहेबांचं स्वप्न. बायकोचं स्वप्न खिडक्यांचं होतं. त्या घराला मोठ्या खिडक्या आहेत हे कळल्यावर तिने पडदे शिवूनसुद्धा टाकले होते.

"तुझं ते कारण-कारण जरा कमी कर," मुलगी ताटं उचलत होती तेव्हा नाकसाहेब म्हणाले. "बापाची फजिती करायला पगार मिळतो का तुला?"

मुलगी ताटं तशीच धरून उभी राहिली. "बाबा, मी तिथे खिडकी नसलेल्या खोलीत बसते. मला पूल दिसत नाही, नदी दिसत नाही, माणूस दिसत नाही. तुम्ही सांगाल तेवढंच मला दिसतं. त्यावरून मी गाडी पाठवायची की नाही ते ठरवते. मग विचारू नको?"

नाकसाहेब हात धुवायला गेले.

पुढचे काही दिवस त्यांनी कोणालाच थांबवलं नाही. खुर्चीत बसून माणसं बघायची आणि सोडून द्यायची. ठाण्यात गेले की ड्रायव्हर विचारायचा, "नाकसाहेब, सर्दी झाली का?" जांभई म्हणायचे, "वाफारा घ्या." पुढे पुढे तर चहावालासुद्धा सहानुभूतीने बघायला लागला. ज्या माणसाची सगळी मिजास एका अवयवावर, त्याचा तो अवयवच चेष्टेचा विषय झाला की काय होतं, ते सांगायला नको.

अशाच एका सकाळी तो फरशीवाला तरुण पुलावर दिसला.

नाकसाहेबांना तो चांगला ठाऊक होता, म्हणजे त्याची पिशवी ठाऊक होती. ती त्यांनी कितीदा उघडायला लावली याचा हिशेब दोघांनीही ठेवला नव्हता. आत कायम थापी, ओळंबा, हातोडी आणि पाणसळ, म्हणजे फरशी सपाट बसली की नाही हे दाखवणारी बुडबुड्याची पट्टी. आज तो नेहमीपेक्षा भरभर चालत होता, शर्ट धुतलेला होता, भांग पाडलेला होता. नाकसाहेबांचं नाक खाजलं. आता ते उन्हानेही खाजलं असेल. पण कित्येक दिवसांनी खाजलं, तेव्हा त्यांना धीर धरवला नाही.

"पूल-चौकीवरून. एकाला थांबवतोय. ओव्हर."

"पूल-चौकी, कारण?"

इथे ते 'जाऊ दे' म्हणू शकले असते. म्हणणारही होते. तेवढ्यात वायरलेसवर तो खोकला पुन्हा आला.

"कमरेला काहीतरी आहे त्याच्या," नाकसाहेब म्हणाले.

मग मुलीचा आवाज आला, तसाच सपाट. "पूल-चौकी, हत्यार असू शकतं?"

सगळं शहर ऐकत होतं.

"असू शकतं," नाकसाहेब म्हणाले.

हत्यार म्हटलं की दोन गाड्या, हाही नियमच. नाकसाहेबांच्या तो लक्षात आला तेव्हा भोंगे वाजायला लागले होते. फरशीवाला त्यांना बघून आधीच थांबला होता आणि नेहमीप्रमाणे पिशवीची चेन उघडत होता. मागून गाड्या आल्या, दारं उघडली, चारपाच जणांनी त्याला कठड्यावर पालथा दाबला. पिशवी रस्त्यावर उलटी झाली. ड्रायव्हरचा बूट पाणसळीवर पडला आणि तिच्यातली काच फुटून हिरवट पाणी डांबरावर सांडलं. शर्ट वर केला तर पट्ट्याला अडकवलेला मोजायचा टेप निघाला.

"साहेब, नवीन इमारतीत आज पहिला दिवस आहे," कठड्याला गाल टेकलेल्या अवस्थेत तो म्हणाला. "आठच्या आत पोचायचंय."

तो कोणाशी बोलत होता ते नक्की कळत नव्हतं. नाकसाहेबांनी आपल्याशी नाही असं धरलं.

मग ठाणं. फरशीवाला बाहेरच्या बाकावर बसून फुटकी पाणसळ रुमालाने पुसत होता, पुसून ती काय दुरुस्त होणार होती. बाईसाहेबांच्या खोलीत नाकसाहेब, जांभई, ड्रायव्हर आणि मुलगी उभी होती. जांभईंनी टेप पुरावा मांडावा तसा टेबलावर ठेवला.

"माझं म्हणणं इतकंच, बाईसाहेब," ते म्हणाले, आणि आज त्यांना एकही जांभई येत नव्हती. "नाकसाहेबांनी सांगितलं कमरेला काहीतरी आहे. काहीतरी होतंच, हे बघा. चूक झाली ती वायरलेसवर. नवी पोरगी. हत्यार शब्द हिनेच काढला. घाबरली आणि दोन गाड्या पळवल्या. मुलींना असल्या वेळी सुचत नाही, त्यात तिचा दोष आहे असं मी म्हणत नाही. पण ती जागा तिची नव्हे."

ड्रायव्हरने मान हलवली. त्यात वाईट हेतू नव्हता. त्यालाही ते पटण्यासारखं वाटलं होतं.

"तू गाड्या का पाठवल्यास?" बाईसाहेबांनी मुलीला विचारलं.

"कमरेला काहीतरी आहे असं सांगितलं गेलं. हत्यार असू शकतं का, हे मी विचारलं. असू शकतं, असं उत्तर आलं. त्यावर दोन गाड्या हा नियम आहे." सांगताना ती बापाकडे बघत नव्हती, टेबलावरच्या टेपकडे बघत होती.

बाईसाहेब वळल्या. "हवालदार, तुम्ही कमरेला काहीतरी पाहिलंत?"

आता गंमत बघा. नाकसाहेबांना खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं. नुसतं टेपकडे बोट दाखवलं की काम झालं असतं. कमरेला आहे म्हणाले आणि कमरेला निघालं. नाक पुन्हा खरं ठरलं, प्रशिक्षण केंद्र, अंगण, मोठ्या खिडक्या, सगळं जागच्या जागी. आजवर नाक असंच तर खरं ठरत आलं होतं. आधी बोलायचं, मग काहीतरी निघायचं, आणि जे निघेल ते आपल्याला आधीच दिसलं होतं असं म्हणायचं. आज फक्त एकच अडचण होती. टेप शर्टाच्या आत होता, आणि शर्ट बाहेर काढलेला, मांडीपर्यंत आलेला होता, हे नाकसाहेबांना स्वच्छ आठवत होतं.

'तुम्ही सांगाल तेवढंच मला दिसतं,' असं ती म्हणाली होती. आणि त्यांनी तिला नसलेलं दाखवलं होतं. त्या खिडकी नसलेल्या खोलीत पोरीने बापाच्या शब्दावर भरवसा ठेवला आणि जिथे काही नव्हतं तिथे दोन गाड्या पाठवल्या. नाकसाहेबांना स्वतःची लाज वाटली, साधी, उघड लाज.

"नाही," ते म्हणाले.

"काय नाही?"

"पाहिलं नाही. टेप शर्टाखाली होता, दिसणं शक्यच नव्हतं. मी काहीच पाहिलं नाही, बाईसाहेब. कारण विचारलं आणि माझ्याकडे कारण नव्हतं. हसतील म्हणून ठोकून दिलं."

जांभईंचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

"आणि अंमलदार," नाकसाहेब त्यांच्याकडे वळले, "हिचा आवाज सगळ्या शहराने ऐकला. कोणाला घाबरलेला वाटला? ही घाबरली, हे तुम्ही ऐकलंत, की पोरगी आहे म्हणून तुम्हाला वाटलं? वाटलं हे कारण नाही. फळ्यावर लिहिलंय."

फळ्यावर तसं लिहिलेलं नव्हतं, पण ते दाखवून द्यायची ती वेळ नव्हती. बाईसाहेबांनी टेप उचलून नाकसाहेबांच्या हातात दिला. "हा ज्याचा आहे त्याला द्या. जे मला सांगितलंत ते त्याला सांगा. मग त्याच्या मालकालाही सांगा, उशीर कोणामुळे झाला ते. प्रशिक्षण केंद्राला दुसरं नाव जाईल, हे तुम्हाला कळलंच असेल."

"कळलं," नाकसाहेब म्हणाले.

फरशीवाल्याने सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही, बरं झालं असंही म्हणाला नाही. टेप पट्ट्याला अडकवला आणि विचारलं, "मग जाऊ मी?" नाकसाहेब त्याच्यासोबत त्या नव्या इमारतीपर्यंत चालत गेले. लोक बघत होते. पोलिसाबरोबर पलीकडचा पोरगा चाललाय म्हटल्यावर त्यांना जे वाटायचं ते वाटत होतं, आणि ते नाकसाहेबांना त्यांच्या तोंडावर वाचता येत होतं. मालकाला त्यांनी सांगितलं, चूक पोलिसांची, नेमकी माझी. मालक चाटच पडला. त्याने एक पाणसळ काढून दिली आणि फरशीवाल्याला वरच्या मजल्यावर पाठवलं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग उठली आणि नवे पडदे याच घराच्या खिडक्यांना लावले. खिडक्या लहान, पडदे ढगळे, थोरल्याचा सदरा धाकट्याला घालावा तसे. "बोलू नका काही," ती म्हणाली. "छान दिसतायत."

"छान दिसतायत," नाकसाहेब म्हणाले. "कारण विचारू नकोस."

मुलगी हसली. रात्री निजायला जाताना ती बापाच्या खुर्चीपाशी थांबली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेली. त्यांना तेवढं पुष्कळ झालं.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. नाकसाहेबांनाही तसंच वाटत होतं. चूक केली, कबूल केली, शिक्षा भोगली, फिटंफाट. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुर्चीत बसले तेव्हा त्यांना हलकंसुद्धा वाटत होतं.

फरशीवाला पुलाच्या पलीकडच्या टोकाला दिसला. नाकसाहेबांनी ओळखीचं हसू तयार ठेवलं. तो जवळ आला आणि त्यांच्यापासून हातभरावर थांबला. पिशवी खाली ठेवली, चेन उघडली. मग एका हाताने शर्ट वर केला आणि कमरेचा टेप दाखवला, आणि तसाच उभा राहिला.

"अरे, मी थांबवलं नाही तुला," नाकसाहेब म्हणाले.

"माहितीये, साहेब," तो म्हणाला. "सवय लागलीय."

त्याच्या मागून येणाऱ्या दोन बायकांनीही चालता चालता आपल्या पिशव्यांची तोंडं उघडून धरली होती. त्यांच्या मागच्या रंगाऱ्याने डब्याचं झाकण सैल केलं होतं. नाकसाहेब वर्षानुवर्षं इथे बसत होते आणि हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी संच उचलला. का उचलला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"पूल-चौकीवरून. इथे माणसं थांबलीयत. ओव्हर."

"पूल-चौकी, कारण?"

त्यांनी त्या वर धरलेल्या शर्टाकडे पाहिलं.

"कारण मी आहे," नाकसाहेब म्हणाले.

वायरलेसवर कोणी खोकलं नाही. मुलीचा आवाज आला, "समजलं, पूल-चौकी," आणि या खेपेला तो तितका सपाट नव्हता.

नाकसाहेब खुर्चीतून उठले. वाकून त्यांनी पिशवीची चेन स्वतः लावली आणि पिशवी त्याच्या हातात दिली. "शर्ट खाली कर, बाबा. आठच्या आत पोचायचंय ना?"

तो निघाला. पूल संपेपर्यंत त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. दोन्ही वेळेला हवालदार तिथेच उभे होते, आपले दोन्ही हात त्याला नीट दिसतील असे पुढे धरून.